फ्रीजरमधून परत आलेली माणसं

मागे उभे आहात ते पुढे या. खुर्च्या संपल्यात, पण सतरंजीवर जागा आहे.

माधवीताईंच्या घरच्या मंडळींनो, वस्तीतल्या बायांनो, भावांनो, माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेली. तिथे फार बोलावं लागत नाही. आज बोलायचंय. सांभाळून घ्या.

ताईंच्या फोटोपुढे आज मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही. काहींना ते खटकलं असेल. पण या खोल्यांत धूर करायचा नाही, हा त्यांचाच नियम. आज तो मोडला असता, तर त्या फोटोतून बोलल्या असत्या. आणि काय बोलल्या असत्या, ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

माधवीताई बर्वे. एका मोठ्या संग्रहालयात जुने कागद आणि फोटो नीट करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मुदतीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली. मग एक आर्किटेक्ट सर, एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर सर आणि ताई, असे तिघं सुट्टीच्या दिवशी लहानसहान संग्रहालयांत जायला लागले. सल्ला द्यायचा, चहा घ्यायचा, निघायचं. चहासुद्धा खोलीबाहेर, वस्तूंपासून लांब.

आमचं संग्रहालय म्हणजे काय होतं तेव्हा? येरवड्यात वाचनालयावरच्या या दोन खोल्या. आमची मुलं कंपनीच्या बसने हिंजवडीला जायला लागली होती. बैठी घरं पाडून फ्लॅट होत होते. घर रिकामं करताना लोक आजीची ट्रंक भंगारात द्यायचे. त्या ट्रंकांत फोटो असायचे. छप्पन साली धम्म स्वीकारलेल्या आमच्या आईवडिलांचे फोटो. ते आम्ही गोळा करत होतो. सांभाळायचे कसे, हे मात्र कुणालाच कळत नव्हतं.

ताई पहिल्यांदा आल्या, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने काचेच्या पेटीत ट्यूबलाइट लावल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, फोटो दाखवायला ठेवलेत की भाजायला?"

आमच्या लताबाई माझ्याकडे बघायला लागल्या. लताबाई पोळ्यांची कामं करायच्या आणि संध्याकाळी संग्रहालय उघडायच्या. त्यांना राग आला होता. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेत आली होती. ताई सगळं बघत होत्या, वाकून बघत होत्या, पण शालीतून हात बाहेर काढत नव्हत्या. एकाही वस्तूला त्यांनी हात लावला नाही.

आमच्या लोकांना ही गोष्ट चटकन दिसते. का दिसते, ते मी या सभेत सांगायला नको.

मग ती सकाळ आली. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली होती. दार उघडलं तर छत गळतंय आणि फोटोंचे खोके पाण्यात. फोटो एकमेकांना चिकटून नुसते गठ्ठे झालेले. त्यात माझ्या आईचा फोटो होता. पांढऱ्या साडीतल्या बायका रांगेत बसलेल्या, त्यात माझी आई, मांडीवर मी. आईचा तरुणपणचा तेवढा एकच फोटो.

मी ताईंना फोन लावला. म्हटलं, "सगळं संपलं. आता गच्चीवर उन्हात पसरतोय."

"उन्हात? सुनंदाबाई, पापड आहेत का ते?"

आणि पुढच्या क्षणी आवाज बदलला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "रडू नका. ऐका. कुणीही काहीही ओढून सोडवायचं नाही. स्वच्छ गार पाण्यात ठेवा. वाळू द्यायचे नाहीत. वाळले की गेले. मी निघाले. आणि वस्तीत मोठा फ्रीजर कुणाकडे आहे, ते शोधा."

फ्रीजर! मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

शेखभाई, तुम्ही इथे बसला आहात, म्हणून सांगते. यांचं कोपऱ्यावर आइस्क्रीमचं दुकान. आम्ही गेलो, सांगितलं. यांनी एक प्रश्न विचारला नाही. आख्खा फ्रीजर रिकामा केला. आइस्क्रीम वितळायला लागलं, तेव्हा म्हणाले, "वाटून टाका." डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हातात मँगो कप, अशी त्या दिवशी सगळी वस्ती होती.

ताई बिबवेवाडीहून रिक्षाने आल्या. शालीत हात तसेच. गठ्ठ्यांच्या मध्ये कागद कसे घालायचे, पिशव्या कशा बंद करायच्या, उभ्या उभ्या सांगितलं. म्हणाल्या, "गोठले की यांची घाई संपली. आता वेळ आपला." आपले पूर्वज आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये जाऊन बसले!

नंतर एका रविवारी पहिला गठ्ठा बाहेर काढला. पसरट ताटात गार पाणी. गठ्ठा त्यात सैल होत गेला. आम्ही सगळ्या ताटाभोवती. आता ताई सोडवतील, म्हणून वाट बघतोय. ताई खुर्चीत बसून. हात शालीत.

लताबाईंना राहवलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, आमच्या वस्तूंना हात लावलेला चालत नाही का तुम्हांला?"

मला वाटलं, आता या उठून जाणार.

ताईंनी शाल बाजूला केली. दोन्ही हात पुढे धरले. हात थरथरत होते. पानं हलावीत तसे हलत होते, थांबतच नव्हते. म्हणाल्या, "हे हात लागले तर तुमची आई फाटेल, लताबाई. म्हणून नोकरी सोडली. मला सगळं येतं आणि काही करता येत नाही. तुमचे हात द्याल का?"

लताबाईंनी पदर खोचला आणि ताटापुढे बसल्या.

मग जे झालं, ते मी आजही नीट सांगू शकत नाही. ताई बोलत होत्या आणि लताबाईंची बोटं चालत होती. "कोपऱ्यातून. नखाने नको. पाण्याला काम करू द्या. थांबा. आता." आणि एका काळपट थरातून एक कपाळ वर आलं. मग डोळे. मग अख्खा माणूस. लताबाईंचे सासरे! किती रविवार असे गेले, मोजले नाहीत.

आईचा फोटो मी स्वतः सोडवला. हात कापत होते, तर ताई म्हणाल्या, "अहो, इथे कापायचा हक्क फक्त माझा आहे." मी हसले आणि हात थांबला. फोटो सुटला. आईचा चेहरा जसाच्या तसा. पण मांडीवरची मी पुसून गेले होते. तिथे नुसता पांढरा डाग. मला हुंदका आला. ताई म्हणाल्या, "तुम्ही आहात की समोर, धडधाकट. त्या वाचल्या, ते बघा."

सगळे फोटो वाचले नाहीत. काही चेहरे कायमचे गेले. ताईंनी खोटा धीर कधी दिला नाही. पण बरेचसे परत आले. या भिंतीवर आहेत.

पुढे हिंजवडीच्या एका गावकऱ्याने ताईंना बोलावलं. शेतं आयटी पार्कात गेली, तेव्हा त्याने गावातली अवजारं शाळेच्या जुन्या खोलीत जमवली होती. तोवर ताईंना फिरणं अवघड झालं होतं. म्हणाल्या, "लताबाई आणि सुनंदाबाई जातील." लताबाई म्हणाल्या, "मी सल्ला देऊ? मी?" ताई म्हणाल्या, "मग काय, मी सगळा वेळ भिंतीशी बोलत होते?"

आम्ही गेलो. गावकरी लताबाईंना म्हणाला, "ताई, हितं वाळवी लई हाय." लताबाईंनी पेरणीची लाकडी पाभर भिंतीपासून लांब घ्यायला लावली, जमिनीपासून उचलून ठेवायला लावली. ऑइल फासायला निघाले होते, ते थांबवलं. तिथून ताईंना फोन केला. ताईंचं बोलणं तेव्हा जड झालं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरोबर." त्यांच्या तोंडून हा शब्द मिळवणं म्हणजे काय, ते त्यांच्या मुलीला विचारा.

आज त्या गावाहूनही माणसं आली आहेत. बिबवेवाडीहून आली आहेत. ज्यांची नावंही मला माहीत नाहीत, अशा लहान लहान संग्रहालयांतून आली आहेत. एका बाईचे हात थांबले, आणि किती हात कामाला लागले! मी याच्यापुढे चकित होऊन उभी आहे.

आता आपण सगळे उभे राहू. मोबाइल बंद करा. डोळे मिटू नका. भिंतीवरच्या माणसांकडे बघत थोडा वेळ शांत राहू. तीही आपल्यासोबत ताईंना निरोप देताहेत.

माधवीताई, जय भीम.