मामाचा तेंदूपानावरचा फोटो

फोटो छापायला शाई नको, कागद नको, रसायन तर नकोच, असं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं तेव्हाची गोष्ट. कामठ्याला मामाच्या अंगणात एका हिरव्या तेंदूपानावर त्याच्या फोटोची फिल्म ठेवली, वर काच दाबली आणि चार दिवस ऊन दिलं. पानावर मामाचा रागीट चेहरा हुबेहूब उमटला. दुसऱ्या दिवशी गोंदियात प्रदर्शन, आणि पानच गायब! मामी बिड्या वळत बसली होती.

"मामी, माझं पान कुठं गेलं? त्याच्यावर मामा होता!"

"मालूम हाय. कापताना दिसला ना मले. म्हणून त बंडलात नाही टाकली, ते बिडी तुया मामालेच देली."

तेवढ्यात ओट्यावरून मामा खोकत ओरडला, "आज बिडी एवढी कडू काऊन लागून राहिली वं?"

मामी म्हणाली, "थोबाड कोनाचं हाय तिच्यात?"