जोथम वाचतो

आई: ...आणि फीबीचा सातचा पाढा म्हणवून घे, सात आठं आलं की अडखळते ती. पीठ फुगलं की दोनच पाव भाज. तिसरा खायला आहे कोण घरात? पप्पा तिकडे दवाखान्यातच जेवतायत.

केतुरा: आई, जरा बस.

आई: बसायला आलेय का मी? टॅबीचे दोन झगे, तिचा तो कान तुटलेला कापडी ससा आणि पप्पांचा शर्ट घ्यायचा, की निघालेच. अकराला मोठे डॉक्टर फिरतात. सायलसनं शेळ्यांचं दूध काढलं?

केतुरा: काढलं. लिडिया कपडे वाळत घालतेय. शेजारच्या मिसेस हॉबार्टनी बटाट्यांचं भांडं पाठवलंय, झाकून. इथलं सगळं चाललंय. तू टॅबीचं सांग.

आई: काय सांगू? आहे तशीच आहे. नाकात नळी, हातात नळी. काल डोळे उघडले, पण माझ्याकडे बघत नव्हती. छताकडे बघत होती. दीड वर्षाचं लेकरू, मी खोलीत आले तरी हात पुढे करत नाही.

केतुरा: डॉक्टर काय म्हणाले?

आई: मधे श्वास थांबला होता म्हणे. किती वेळ, ते कुणालाच माहीत नाही, म्हणून पुढचंही कुणी सांगत नाही. वाट बघा म्हणतात. तो ससा कुठंय?

केतुरा: जोथमजवळ आहे. शेळ्यांच्या गोठ्यात घेऊन बसलाय. गुरुवारपासून दूधभाकरीचासुद्धा घास नाही त्याच्या पोटात.

आई: बसू दे. मला त्याचं तोंड बघवत नाही आत्ता. देवा, क्षमा कर, पण नाही बघवत.

केतुरा: दहा वर्षांचा आहे तो, आई.

आई: दहा वर्षांच्या मुलाला बाटलीवरची चिठ्ठी वाचता येते. गुरुवारी पप्पा कामावर, बाकीची तिघं माझ्याबरोबर, म्हणून चर्चच्या वर्गातून फोन केला मी त्याला. म्हटलं, टॅबीचं अंग तापलं असेल तर खिडकीतली लाल बाटली घे, वर काय लिहिलंय ते नीट वाच आणि तेवढंच दे. वाचलंस का म्हणून विचारलं. हो म्हणाला. परत विचारलं. तरी हो म्हणाला. ही बघ बाटली, नर्सनं पिशवीत घालून परत दिलीय. पप्पांचं झोपेचं औषध. रात्रपाळीहून आल्यावर घेतात ते. दोन चमचे पाजले त्यानं. मोठे.

केतुरा: दोन्ही बाटल्या लाल, आणि दोन्ही एकाच खिडकीत.

आई: म्हणून तर वाचायला सांगितलं ना? पप्पांनी काल फोनवर विचारलं, तर म्हणतो, वाचलं होतं, पण दिलं तसंच. दिलं तसंच! कुणाचा स्वभाव घेतलाय या पोरानं? खोटं बोलला असता तर मी समजू शकले असते. हा तर सरळ सांगतोय की मला माहीत होतं.

केतुरा: खोटंच बोलतोय तो.

आई: म्हणजे?

केतुरा: त्यानं वाचलं नाही.

आई: आळसानं वाचलं नाही म्हण, काही म्हण, एकूण एकच.

केतुरा: आळसानं नाही. त्याला वाचता येत नाही, आई.

आई: पिठाकडे बघ, वर येतंय.

केतुरा: ऐकलंस का मी काय म्हटलं?

आई: ऐकलं. दोन रात्री झोप नाही तुला, मलाही नाही. काहीतरी बोलू नकोस. फेब्रुवारीत माझ्यासमोर उभा राहून वाचनाचं अख्खं निळं पुस्तक वाचलं त्यानं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कुठे अडला नाही. मी केक केला होता. पुठ्ठ्याच्या आत सगळ्यांच्या खाली त्याचं नाव लिहिलं. धाकटी फीबी त्याच्या आधी वाचायला लागली तेव्हा मिसेस हॉबार्ट नाक मुरडत होत्या, तेव्हाही मी म्हटलं, मुलगे उशिरा पिकतात, घाई करू नका. आणि पिकला.

केतुरा: पाठ आहे ते त्याला.

आई: एवढं पुस्तक कुणाला पाठ होतं?

केतुरा: चार वेळा ऐकलंय त्यानं. लिडिया वाचायची तेव्हा तो याच टेबलाखाली लाकडी ठोकळे घेऊन बसलेला असायचा. मग फीबी. मग मी त्याच्यासाठी दोनदा. कुठल्या चित्रावर काय म्हणायचं, सगळं पोपटासारखं येतं.

आई: आणि मला ते कळलं नाही. मला. अकरा वर्षं या स्वयंपाकघरात शाळा चालवतेय मी.

केतुरा: तू पाव भाजत भाजत ऐकतेस, आई. आमच्याकडे पाठ करून.

आई: बोल. बोलून घे.

केतुरा: टोमणा नाही मारत. सहा मुलं आहेत, तूच कुठे कुठे पुरणार. टॅबी झाल्यावर तू चार महिने अंथरुणात होतीस, तेव्हापासून त्याचा धडा माझ्याकडे आहे. मी शिकवलं. खूप शिकवलं. अक्षर दाखवलं की ओळखतो, दोन शेजारी ठेवली की घाबरतो. रोज रडायचा. मग मी त्याची पानं स्वतःच वाचून दाखवायला लागले आणि तो तोंडी उत्तरं द्यायचा. गणित चांगलं येतं त्याला. तू वह्या बघायचीस त्या माझ्या हातच्या होत्या.

आई: जोथमला बोलाव.

केतुरा: आई, आत्ता नको.

आई: सायलस, ए सायलस, जोथमला म्हणावं आई बोलावतेय. हात धुऊन ये म्हणावं. मी मारणार नाहीये त्याला, केतुरा, अशी बघू नकोस माझ्याकडे. ते पुस्तक काढ.

केतुरा: कशाला त्याला...

आई: काढ म्हटलं ना. ये, जोथम. इकडे ये. सशाला खाली ठेव. हे पुस्तक धर आणि वाच.

जोथम: कुठून?

आई: पहिल्यापासून.

(जोथम वाचतो. आवाज बारीक, पण अडखळत नाही. पान बरोबर जागेवर उलटतं, मग दुसरं, मग तिसरं.)

आई: बघ. बघ, केतुरा. माझ्या लेकराला काय काय म्हणालीस तू.

केतुरा: जोथम, पुरे. मी सांगितलंय आईला.

जोथम: तू शपथ घेतली होतीस.

केतुरा: हो. मोडली.

आई: कसली शपथ? जोथम, हे बाजूला ठेव. ही बाटली घे. हिच्यावर वरच्या ओळीत काय लिहिलंय?

जोथम: औषध.

आई: औषध कुठे लिहिलंय? बोट ठेव.

जोथम: मी वाचलं होतं, आई. मुद्दाम दिलं मी. टॅबी रडत होती म्हणून मला राग आला होता.

आई: बोट ठेव.

जोथम: मला मारलंस तरी चालेल. पप्पांना सांग, मुद्दाम दिलं म्हणून.

आई: अरे बाळा.

जोथम: जी जास्त भरलेली होती ती तिची असेल असं वाटलं. तिला ताप नेहमी येतो ना, म्हणजे नवीन आणली असेल. टॅबी आधी थुंकली. मग मी साखर लावली चमच्याला.

आई: फोनवर मला का नाही सांगितलंस, येत नाही म्हणून? मी लगेच आले असते. वीस मिनिटांचा रस्ता आहे.

जोथम: तुझ्या मागे सगळ्या बायका बोलत होत्या. त्यांना ऐकू गेलं असतं.

आई: म्हणजे पोरगं खुनी ठरायला तयार आहे, पण... केतुरा, मला पाणी दे.

केतुरा: घे. आता बस तरी.

आई: तू का बोलली नाहीस? तू अठराची आहेस, तुला अक्कल आहे. माझ्याशी येऊन दोन शब्द बोलायला काय झालं होतं?

केतुरा: तू म्हणाली होतीस, जोथम वाचायला लागला की माझ्या दाखल्यावर सही करीन. शाळा तू, मुख्याध्यापक तू, सही तुझी. सहीशिवाय स्प्रिंगफिल्डच्या नर्सिंगच्या शाळेतले लोक मला दारात उभं करणार नव्हते. जानेवारीत मला कळलं होतं की त्याला वाचायला यायचं नाही. निदान माझ्याकडून तरी नाही. आणि अर्ज द्यायची मुदत फेब्रुवारीअखेर होती.

आई: म्हणून?

केतुरा: म्हणून मी त्याला पान कधी उलटायचं ते शिकवलं. तीन आठवडे, रोज संध्याकाळी कोंबड्यांच्या खुराड्यामागे. वाक्य संपायच्या थोडं आधी बोट कोपऱ्याकडे न्यायचं, म्हणजे खरं वाटतं. ते मी शिकवलं. गुरुवारी मी इथे नव्हते, त्याच शाळेत कागद द्यायला गेले होते. टॅबीला दोन चमचे मीच पाजलेत, आई. त्यानं फक्त चमचा धरला.

जोथम: केतुरा चांगली शिकवते. मलाच येत नाही.

आई: गप्प बस. दोघंही गप्प बसा थोडा वेळ. मला विचार करू दे. सोमवारी सकाळी दहाला मुलांच्या खात्यातली ती सरकारी बाई येणार आहे. दवाखान्यानं कळवलं तिला. मुलं एकटी का होती, औषधं कुठे ठेवता, शिकवता काय, सगळं बघणार. मुलांना वाचायला लावतात त्या. हॉबार्टांच्या भाचीकडे आली होती तेव्हा लावलं होतं.

केतुरा: मग सांगू तिला. जे आहे ते. कुणी शिकवणारं मिळेल त्याला, त्यातलं माहीत असलेलं. अशी मुलं असतात म्हणतात.

आई: आणि बाकीच्यांचं काय? एक पोर दवाखान्यात, दुसऱ्याला अक्षर वाचता येत नाही, आणि हे सगळं एका घरात. उद्या लिडियाला, फीबीला गाडीत घालून नेतील. तू बघितलं नाहीस, मी बघितलंय. नाही. तिला हेच पुस्तक द्यायचं पुढे. घरचं वाचनपुस्तक म्हणून टेबलावर ठेवायचं, दुसरं एकही दिसता कामा नये. तेच देईल ती वाचायला. जोथम, येईल ना?

जोथम: येईल.

केतुरा: आई, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

आई: सोमवारपुरतं राहू दे.

केतुरा: मी उद्या जात नाही. मी थांबते. मला विचारलं तर मी...

आई: तुला विचारायचं नाही कुणी. तू उद्या सकाळीच जायचंस. बॅग भरलेलीच आहे ना? सायलस सोडेल बसवर. मोठी मुलगी शिकायला गेलीय म्हणून सांगीन, तेवढीच एक गोष्ट खरी असेल. तुला जायचं होतं ना? जा.

केतुरा: असं नव्हतं जायचं.

आई: मला तरी कुठे काय असं हवं होतं? चल, झगे दे इकडे. साडेदहा होत आले. जोथम, तो ससा दे. टॅबीपाशी ठेवते.

जोथम: घे. आई?

आई: काय?

जोथम: त्या बाटलीवर काय लिहिलं होतं?

आई: आता काय करायचंय तुला?

जोथम: कुणी सांगितलंच नाही मला. पप्पांनी नाही, कुणीच नाही.

आई: केतुरा, सांग त्याला.

केतुरा: नाही. तूच वाच, आई.

आई: झोपेचं औषध. मोठ्या माणसांसाठी. झोपण्यापूर्वी एक चमचा.

जोथम: एवढंच? खाली लाल अक्षरांत पण आहे.

आई: आहे.

जोथम: त्यात काय आहे?

आई: लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे.