पांढरे कपडे वाळवायचा दिवस

सुरतेत जगणं स्वस्त आहे, असं कोणी सांगू लागलं की माझं डोकं फिरतं. संपादकांनी एकदा मला त्याच बातमीसाठी तिथल्या गिरण्यांच्या भागात, पांडेसऱ्याला पाठवलं होतं. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या मागे राहणारा धुळ्याचा भटू सांगत होता, "भाऊ, इथं भाडं निम्मं, काम दाराशी." मी त्याच्या खोलीत बसून लिहून घेत होतो. तेवढ्यात त्याच्या बायकोनं माझ्या डोक्यावरच्या दोरीवर मुलीचा ओला युनिफॉर्म टाकला.

"वहिनी, बाहेर एवढं ऊन आहे की."

"बाहेर काजळी बसते. पांढरे कपडे मिलच्या सुट्टीलाच बाहेर वाळत घालायचे. पोरगी मात्र रोज खोकते. मी म्हणते मिलपासून लांब खोली घेऊ, तर हे ऐकत नाहीत."

"तिथलं भाडं भरलं तर तिची शाळा सुटेल," भटू म्हणाला.

"घटकाभर ओट्यावर बसा भाऊ," वहिनी म्हणाल्या, "मग लिहा स्वस्त."

बसलो. वहीचं पान काळवंडलं. तेच पान संपादकांसमोर ठेवलं. त्यांनी ते शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि विचारलं, "भाड्याचा आकडा कुठे आहे?"

"बाही धुता येईल साहेब," मी म्हणालो. "त्या पोरीचा खोकला कुठल्या आकड्यात धरू?"