दारामागचे लाल गोल

ज्योत्स्ना : ...म्हणजे तीन वर्षांत या उपकेंद्रात एकही मृत्यू नाही, एकही तक्रार नाही?

साधना : नाई मॅडम. एकशे बारा बाळंतपनं केली मी. सारी मायलेकरं धड घरी गेली.

ज्योत्स्ना : मग हिरवा शेरा. आता सगळीकडे सारख्या चकरा मारत नाही आम्ही, सिस्टर. जिथे धोका जास्त, तिथे तपासणी दर महिन्याला. जिथे कमी, तिथे तीन वर्षांनी. सुटलात तुम्ही माझ्यापासून.

साधना : तसं काऊन म्हंता? चहा घ्या.

लालसू : मॅडमनं कॅलेंडर नाई पाह्यलं, बाई.

साधना : लालसूभाऊ, पानी आना बरं हापशीवरून.

लालसू : आनलं ना. दोन गुंड भरून.

ज्योत्स्ना : कसलं कॅलेंडर?

लालसू : हे, दारामागचं. लोक दुधाचं लिवतेत, मी दवाखान्याचं. सात वर्सं झाली इथी शिपाई हाव. थोडक्यात निभावलं, का लाल गोल.

ज्योत्स्ना : जुलैत तीन?

लालसू : हा लाइट गेली तवाचा. जंगूची बायको टेबलावर, मी बॅटरी धरून दोन घंटे. हा ऑक्सिजनचा सिलिंडर खाली निंगाला तवाचा. आन् हा पुराचा. गाडी नाल्याच्या त्या काठाले, अडलेली बाई ह्या काठाले. खाटेवर नेली.

ज्योत्स्ना : सिस्टर, हे तुमच्या वहीत कुठे आहे?

साधना : वहीत मेल्याचा रकाना हाय, मॅडम. मरता मरता राह्यल्याचा नाई.

ज्योत्स्ना : तोंडी तरी सांगायचं.

साधना : सांगतलं तं लाल शेरा. लाल म्हंजे बाळंतपनाच्या खोलीले कुलूप. मंग ह्या बाया एटापल्लीच्या मोठ्या दवाखान्याले कशा जातीन? घरीच अडतीन. मले लय भेव वाटलं, खोटं काऊन बोलू. झाकली मूठ होती, लालसूभाऊनं उघडून देल्ली.

ज्योत्स्ना : तुम्हाला नाही वाटली भीती, लालसूभाऊ?

लालसू : मॅडम धोका पाहाले आल्या म्हनलं. येवढ्या दुरून आल्या, तं दाखवा लागन ना.

ज्योत्स्ना : थांबा. ऑगस्टमध्ये दोन, सप्टेंबरमध्ये एक. पुढे आजपर्यंत कोरं. गोल कमी कसे झाले?

साधना : गोल पडला का आमी बसतो दोघं. आता दर सोमवारी सिलिंडर पाह्यतो. नाल्यापल्याडच्या बाईले दिवस भरत आले का माह्या क्वार्टरात आनून ठेवतो. इतवारीची सून आठ दिवस होती. माह्याच खाटेवर.

ज्योत्स्ना : आणि तुम्ही?

साधना : खाली. सवय झाली.

(ज्योत्स्ना तक्त्यावरचा शेरा खोडते.)

ज्योत्स्ना : हिरवा नाही. लालही नाही. पिवळा. दर दोन महिन्यांनी येईन मी, आणि दुसरं सिलिंडर, इन्व्हर्टर यांचं पत्र आजच पाठवते.

साधना : खोली चालू राह्यन?

ज्योत्स्ना : राहील. सकाळी एका दवाखान्याला हिरवा देऊन आले, सिस्टर. त्यांची वही कोरी. दारामागे मी पाहिलंच नाही. ड्रायव्हरला सांगा, गाडी परत तिकडेच.

साधना : चहा तं घ्या.

ज्योत्स्ना : दोन महिन्यांनी घेईन.

लालसू : गेली गाडी. बाई, आजच्या तारखेले बी गोल मारतो.

साधना : आज काय निभावलं?

लालसू : खोली.