रात्रपाळी आणि तबल्यामधली भिंत

आदिल : हात लावा, गंगाधरभाऊ. ह्या दुहेरी जिप्सम बोर्डाच्या तुकड्याला पुढून जाळ आहे, मागून हात लावा.

गंगाधर : नाय रे बाबा. एमआयडीसीत आग बघितलीय मी. आगीजवळ जायची हौस फिटली.

चारुलता : सरका, मी लावते. अगं बाई, साधा कोमटसुद्धा नाही!

आदिल : दहा मिनिटं गॅसची बत्ती मारतोय, बाई. जिप्समच्या पोटात पाणी असतं. त्याची वाफ होऊन जाईपर्यंत आग अडून बसते. एक बोर्ड दमला की मागे दुसरा उभा. म्हणून तुमच्या खोल्यांमधल्या ह्या नव्या भिंतीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन लावलेत. पहिल्याच्या सांध्यावर दुसऱ्याचा सांधा येऊ दिला नाही. मध्ये रॉकवूल, न जळणारी दगडी लोकर. माणसं बाहेर पडेपर्यंत भिंत हलायची नाही.

गंगाधर : मालकानं हॉलच्या मधी नुसतं प्लायवूड ठोकून दोन खोल्या केल्या, तवापास्नं मला भीतीच होती. आगीचं पटलं. पन माझं दुखनं तबल्याचं हाय. रात्रपाळी करून येतो, पाठ टेकली की बाईंचा क्लास सुरू!

चारुलता : अहो, सहा महिने तबल्यावर टॉवेल टाकून शिकवतेय! माझ्या मुलांनी मोकळा 'धा' कानांनी ऐकलेला नाही. लाज वाटते मला, स्वतःला गुरू म्हणवून घ्यायची.

गंगाधर : टॉवेलमधनं पन धपधप यायचीच. आनि मागल्या रविवारी भिंत झाली म्हनालात, तर उशाशीच तबला!

आदिल : त्यात भिंतीचा काय गुन्हा? तुम्हाला उशाशी मोबाइलचा प्लग हवा होता, बाईंना तानपुरा मशीनला. मी दुसऱ्या कामाला पाचाडला गेलो, तेवढ्यात दोघांनी वेगवेगळं वायरमनला बोलावून एकाच जागी, पाठीला पाठ लावून पेट्या बसवून घेतल्या. इकडून भोक, तिकडून भोक! आवाजच काय, आगसुद्धा आरपार गेली असती.

चारुलता : मला काय माहीत, ह्यांनीही तिथंच भोक पाडलंय!

गंगाधर : आनि मला कुनी सांगितलं?

आदिल : भांडू नका. दोन्ही भोकं दुहेरी बुजवली. नवे प्लग एकमेकांपासून चार फूट लांब, मागे आग अडवणारी पुट्टी. आता एकही फट नाही.

गंगाधर : बघू. चारला मालक येतोय. मी आवाज येतो म्हनलं तर उद्यापासनं क्लास बंद. ठरलंय ना, बाई?

चारुलता : ठरलंय. जा, उशीवर डोकं ठेवा. मी टॉवेल काढते.

(गंगाधर शेजारच्या खोलीत जातो. चारुलता तबला वाजवते. वीस मिनिटांनी ती थांबते, तोच गंगाधर दार उघडून येतो.)

गंगाधर : बाई, सुरू कधी करनार? पडून पडून मान आखडली माझी!

चारुलता : काय?

गंगाधर : भ्यालात काय? वाजवा की!

आदिल : भाऊ, बाईंची बोटं बघा.

गंगाधर : लाल झालीत. कशानं?

चारुलता : वीस मिनिटं वाजवत होते हो! कायदा, रेला, जे येतं ते सगळं. जीव खाऊन!

गंगाधर : थापा मारता.

आदिल : मी इथंच होतो. माझ्या कानांना दडे बसलेत.

चारुलता : थांबा, इथंच उभे राहा. हा घ्या. धा!

गंगाधर : आयला! काच थरथरली! आनि तिकडं मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू येत व्हती!

आदिल : जिंकलो, बाई! अख्ख्या बाजारपेठेत मला चिडवत होते, आदिल पुठ्ठ्याच्या भिंती बांधतो म्हणून. बारा वर्षं दोहात हॉटेलांच्या खोल्या केल्या, पण आजच्याइतका आनंद एकदाही झाला नाही.

चारुलता : आदिल, माझा क्लास राहिला रे! मला रडू येतंय आणि हसूही. गंगाधरभाऊ, आता मालकांना काय सांगाल?

गंगाधर : सांगायचं काय? क्लास चालू राहील म्हनून सांगतो. त्याला यायला वेळ हाय ना अजून?

चारुलता : अर्धा तास आहे. झोपा तुम्ही थोडं.

गंगाधर : झोप रोजचीच हाय. इथं बसू काय जरा? सहा महिने भिंतीपल्याडनं शिव्या घातल्या, पन समोर बसून कधी ऐकलं नाय. वाजवा.