चिकटतं ते गार करत नाही

नाही, मला एवढंच सांगा, जगात गोंद बनवणारा माणूस आणि पेस्ट बनवणारा माणूस एकमेकांशी बोलत नाहीत का हो? वाटणीवरून भांडलेत का ते? कारण तुम्हाला सांगतो, जे चिकटतं ते गार करत नाही, आणि जे गार करतं ते चिकटत नाही! आता माणसानं करायचं काय? मी चिडलेलो नाही बरं का. मी गरीब माणूस स्वभावानं. जुळ्यांचा बाप आहे, म्हणून तर अख्खं मसाका गाव मला सालोंगो म्हणतं, आणि ज्यानं जुळी वाढवली तो चिडायचं कधीच विसरलेला असतो... पण तरी!

गोष्ट एवढीशीच. माझ्या जुळ्यांतली थोरली बाबिर्ये, तिला मागणी घालायला मुलाकडची माणसं यायची होती. अशा वेळी आमच्यात मुलीच्या आत्यानं उठायचं असतं, आणि सगळ्यांदेखत सांगायचं असतं, की हो, ह्या घोळक्यातला हा आमचा, ह्याला मी ओळखते. आत्या बोलली नाही तर पुढचं सगळं अडलं. बाबिर्येची आत्या म्हणजे माझी आक्का. आणि आक्काचा आवाज गेल्या पावसात घशाच्या दुखण्यानं जो बसला, तो बसलाच. शेजारी बसून ऐकलं तरी वाटतं पलीकडच्या घरात कुणी कुजबुजतंय. मग मांडवातल्या मागच्या बायका गप्प राहणार होय? "ऐकू येत नाऽही! दुसरी आत्या उठवा!" आणि दुसरी आत्या उठायला टपलेलीच, आमची चुलतबहीण नान्कुम्बा. ती घरात शिंकली तर बाजारातल्या बकऱ्या उठतात. आक्का मला म्हणाली, "भाऊ, ह्या पोरीला मी पाठीला बांधून वाढवलं रे. आणि हिच्या नवऱ्याला ओळखायला नान्कुम्बा उठणार?" डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "आक्का, रडू नकोस, तुला आवाज मी करून देतो."

करून देतो म्हणे! तोंडाचं काय जातंय?

शाळेत मी गेलो नाही, पण रेडिओच्या आत पुष्कळदा गेलोय. आवाज मोठा करणारी एक छोटी पट्टी आणली, तिच्यावर नखाएवढी चिप. खोक्यात बसवली, कर्ण्याला जोडली. आक्का माइकमध्ये म्हणाली, "ऐका हो..." आणि अंगण असं दणाणलं, की कोंबड्या झाडावर! पुढं... पुढं काहीच नाही. बोट लावतो तर चिप तव्यासारखी. तापली की आपणहून गप्प बसते ती. अशी सोय देवानं माणसांत ठेवली असती तर?

गेलो बाजारात. लुबोवाकडे. रेडिओ दुरुस्त करतो तो, बोलतो सगळं नाकातून. "सालोंगोऽ, वर हीटसिंक बसवा. हा बघा, कंगव्यासारखा ॲल्युमिनियमचा तुकडा. चिपची उष्णता हा पिऊन टाकतो. आणि दोघांच्या मधे ही पांढरी पेस्ट." लावली मी पेस्ट, पाहुण्याला शेंगदाण्याचं कालवण वाढावं तशी, सढळ हातानं. लुबोवानं कपाळ बडवून घेतलं. "अहो, चिक्कू माणूस पावाला लोणी लावतो तशी लावायची!" बरं, लावली चिक्कूसारखी. काय गार राहिली म्हणता चिप! आनंदानं खोकं उचललं, तर कंगवा घसरत, घसरत, टण्... जमिनीवर.

"पेस्ट आहे ती, धरून ठेवत नाही," म्हणतो.

"मग धरून कोण ठेवतं?"

"गोंद."

हे आधी नाही सांगायचं? लावला गोंद. जाम बसला. आणि चिप पुन्हा तव्यासारखी, कारण गोंद उष्णतेला पुढं जाऊच देईना, दारात आडवा झोपला! म्हटलं काढावा कंगवा. ओढला... तर चिप मुळासकट हातात. जे चिकटतं ते गार करत नाही, आणि जे गार करतं ते चिकटत नाही!

दुसरी पट्टी आली कंपालाहून. आता मी म्हटलं, दुकानातलं काही नको. आपल्या घरात रोज मटोके सोलतात, त्या कच्च्या केळ्याचा चीक हाताला लागला तर राखेनं घासला तरी निघत नाही. हाच गोंद! लावला हो. चिप तापली, चीक शिजला, आणि सगळ्या घरात असा वास सुटला, की शेजारीण ताट घेऊन दारात उभी. माझी बायको, म्हणजे जुळ्यांची आई म्हणून नालोंगो, म्हणाली, "आवाज नाही झाला तरी चालेल, जेवण तरी झालं का बघा त्यात." कंगवा? तो पडला होता केव्हाच.

पुन्हा लुबोवा. आता म्हणतो, "मधे पेस्टचा ठिपका, चार कोपऱ्यांना गोंदाचे चार." नखाएवढ्या चिपला कोपरे केवढे? माझे डोळे कसे? हात तर असा हलतो, की चहा मी पीत नाही, चहाच मला शोधत येतो. दाबलं की पेस्ट पसरून कोपऱ्यात, पुसलं की गोंद मधे... पण बसला. तुम्हाला सांगतो, बसला! खोकं उलटं केलं, हलवलं, नाही पडला.

आला तो दिवस. ऊन असं, की मांडवाचं कापडसुद्धा घामेजलं. टेबलाखाली माझं खोकं, वर चादर. मुलाकडची मंडळी पायघोळ पांढऱ्या कान्झूंत रांगेनं बसलेली. आक्का माइक घेऊन उठली आणि खोक्यात... टण्!

मी चादरीत शिरलो. गुडघे टेकले, कंगवा उचलला, दोन बोटांनी चिपवर दाबून धरला. चालू! आक्काचा आवाज पार रस्त्यापर्यंत. म्हटलं, चार शब्दांचं काम, सोसू. पण इतके महिने मुकी राहिलेली बाई ती, तिच्या हातात माइक! तिनं सुरुवात केली आमच्या कुळापासून, नाकतोडा हे आमच्या कुळाचं नाव. मग पणजोबा. मग पणजोबांचा भाऊ. कंगवा उष्णता पिऊन घेतो म्हणे... पितो कसला, माझ्या बोटांना पाजतो! सोडावा तर आक्का मुकी, धरावा तर बोटं भाजतात. डोळ्यांतून धारा. मनात म्हणतोय, आक्के, आजोबांवर ये गं, आजोबांवर ये!

तेवढ्यात चादर सरकली. मुलाकडच्यांच्या वतीनं बोलायला आणलेला सेंडागिरे, त्यानं मला पाहिलं. आमच्यात मुलीच्या बापानं गुडघे टेकलेले कुणी बघितलेत? त्यानं छाती पिटली, "अरे, मुलीचा बाप गुडघ्यांवर! रडतोय म्हातारा! बसलात काय? त्याच्याहून खाली व्हा!" आणि सगळी पांढरी रांग धाडकन गवतात पालथी. नवरामुलगा तर नाकावर. आक्काला वाटलं, आपल्या बोलण्याचाच हा प्रताप, म्हणून तिनं आजीकडचं कूळ काढलं!

शेवटी गेली एकदाची घोळक्यात, पालथ्यांतून नवऱ्याला कॉलर धरून उठवलं, म्हणाली, "हा. ह्यालाच मी ओळखते." मांडव नुसता आरोळ्यांनी फुटला. बाबिर्ये तिच्या गळ्यात पडली. मागच्या बायका रडत होत्या, नान्कुम्बासुद्धा.

मी बोटं बादलीत बुडवून बसलो होतो, तर आक्का आली. चेहरा असा फुललेला!

"कुठे होतास रे? ऐकलंस का? पार रस्त्यावरचे लोक थांबले! मला वाटलं होतं आवाज गेला माझा. कुठला जातोय! आणि हे बघ, नान्कुम्बाच्या घरी पुढं मागणी यायची आहे, ती म्हणाली तूच बोल. तर तेव्हा ते तुझं खोकं आणू नकोस बाबा. मी बोलत असताना तू टेबलाखाली काय खुडबूड करत असतोस? चार लोकांत बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "बरं, आक्का. नाही आणत." आणि दुसऱ्या दिवशी गेलो लुबोवाकडे, म्हटलं, बाबा, असं टेबल करून दे, की माणूस आत बसला तर बाहेर दिसणार नाही.