चार हात जागा

पणजेसासूने घर उभारले, आजेसासूने शेजारच्या आबांशी भिंतीच्या जागेवरून भांडण काढले आणि सासूने ते मरेपर्यंत टिकवले. आज धाकटी सून वाचनालयात, वस्तीतल्यांना हवी ती माहिती शोधून देणाऱ्या खिडकीपाशी, ताठ मानेने उभी होती. मागे खुद्द आबाच उभे आहेत, हे तिने पाहिलेच नव्हते.

"ताई, सापडलं का? चार हात जागा गिळलीय म्हाताऱ्याने. कोर्टातच खेचते!"

"जुने नकाशे काढले, मोजणीशी ताडून पाहिले. भिंतीचं सोडाच, तुमचं अख्खं घरच त्यांच्या जागेत आहे."

"काय?" तिच्या हातातली पिशवी गळून पडली. "पुन्हा बघा हो!"

"माझाही आधी विश्वास बसला नाही."

"मग त्यांनी आम्हाला कधी हाकललं कसं नाही?"

"कोणत्या तोंडाने हाकलू, सूनबाई?"

"अगंबाई! आबा, तुम्ही?"

"माझी आई मला जन्म देऊन गेली. तुझ्या पणजेसासूबाईंनी आपल्या लेकाबरोबर मलाही अंगावर पाजलं. बाबांनी त्यांना इथे घर बांधू दिलं, पण कागद करायचा राहिला."

"आणि आम्ही तुम्हाला चोर म्हणत राहिलो!"

"म्हणालात खरं. ताई, आता माझं काम. ही जागा हिच्या नावावर कशी करायची, तेवढं शोधून द्या. दुधाचं देणं पुरतं फेडूनच मला जायचंय."

"सगळी जागा, आबा?"

"सगळी. ते चार हातसुद्धा."